इरल्याखाली कोण?

वेल्ह्याकडच्या पावसात माणूस चेहऱ्यावरून ओळखायची सोय नसते. आषाढात भातलावणी सुरू झाली की तोरण्याच्या पायथ्याच्या खाचरांत माणसं दिसायचीच नाहीत, नुसती इरली दिसायची. बांबूच्या कामट्यांची चौकट, वर पळसाची पानं, डोक्यापासून पार कमरेखालपर्यंत पाठ झाकलेली. वाकलेल्या माणसाचं बाहेर उरायचं ते एवढंच: चिखलात रुतलेल्या पोटऱ्या आणि रोपांची मूठ सोडवणारे हात. माझी आत्या भाकरीची पाटी घेऊन बांधावर उभी राहायची आणि तिथूनच एकेकाला नाव घेऊन हाक मारायची. कधी चुकली नाही. कसं ओळखतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "चालीवरनं. इरलं काय, कुणाचंबी कुणी घालतंय."

हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते १९८६ च्या जुलैमध्ये छापलेला पाच पानांचा एक शोधनिबंध वाचताना. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या प्रयोगशाळेतला तो निबंध. त्यात पाऊस नाही, भात नाही. पण प्रश्न तोच आहे: इरल्याखाली कोण?

गोष्टीची सुरुवात मात्र जुनी. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. आपल्याकडे 'म्हातारचळ' म्हणून सोडून द्यावं असं वयही नव्हतं तिचं. एप्रिल १९०६ मध्ये ती गेली. तिचा मेंदू आलॉइस अल्झायमर या डॉक्टरनं मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले आणि चांदीच्या क्षारानं रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर कसले तरी साके साचलेले आणि पेशींच्या आत काळ्या दोऱ्यांचे गुंते. कित्येक ठिकाणी पेशी मरून गेलेली, पण गुंता जागच्या जागी शिल्लक. घर पडावं आणि आतला सुतळीचा गुंडा तेवढा राहावा, तसं.

तो दोरा कशाचा, हे कळायला ऐंशी वर्षं लागली.

मधल्या काळात कुणी स्वस्थ बसलं होतं असं नाही. १९६३ मध्ये मायकेल किड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि सांगितलं की हा दोरा एकेरी नाही; दोन तंतू एकमेकांना पीळ घालून गेलेत. वेणीचा आकार कळला, केस कुणाचे ते नाही. कारण तो दोरा विरघळतच नव्हता. प्रथिन ओळखायचं म्हणजे आधी ते सुटं करायला हवं, आणि हे गुंते सोडियम डोडेसिल सल्फेटलाही दाद देत नव्हते. हे रसायन म्हणजे टूथपेस्टच्या डब्यावर 'सोडियम लॉरिल सल्फेट' म्हणून लिहिलेलं असतं तेच. बहुतेक प्रथिनं त्याच्यापुढे मेणासारखी विरघळतात. गुंते धुऊन निघायचे आणि तसेच राहायचे.

जे विरघळत नाही ते ओळखायचं कसं? ओळखणारा पाठवायचा. म्हणजे अँटिबॉडी, आपल्या पाठ्यपुस्तकातलं प्रतिपिंड.

भोर-वेल्ह्यात अँटिबॉडी हा शब्द कोविडमध्ये आला असेल, पण वस्तू फार जुनी ओळखीची आहे. विंचूकाट्याच्या, सापकिरड्याच्या दिवसांत सरकारी दवाखान्यात जे सापाचं इंजेक्शन देतात ते दुसरं काही नाही. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, घोड्याचं रक्त त्या विषाला ओळखायला शिकतं, आणि त्या रक्तातली ओळखणारी प्रथिनं गाळून बाटलीत भरायची. आपल्याकडची बाटली चार सापांची आहे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आता इथल्याच रानात, बांबूच्या बेटात हिरवागार चापडाही असतो. त्याचं विष त्या घोड्यांना टोचलेलंच नसतं. त्यामुळे चापडा चावला तर बाटलीतली अँटिबॉडी त्याच्यासाठी नाही. ज्याची ओळख करून दिली तेवढंच तिला दिसतं. बाकी जगाला ती आंधळी.

हा आंधळेपणा या गोष्टीत पुढे फार मोलाचा ठरणार आहे.

घोड्याच्या रक्तात मात्र हजार तऱ्हेच्या अँटिबॉडींची खिचडी असते. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकच एक अँटिबॉडी अखंड बनवत राहणारी पेशी तयार केली. आता प्रथिनाच्या एवढ्याशा तुकड्यावर नेमकं बोट ठेवणारी अँटिबॉडी हवी तेवढी मिळू लागली. गुंत्यांचं कोडं घेऊन बसलेल्यांनी ती लगेच उचलली, आणि १९८२ मध्ये 'नेचर'मध्ये बातमी आली. ब्रायन अँडरटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मज्जातंतूंच्या सांगाड्यातलं न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन ओळखणाऱ्या अँटिबॉडी गुंत्यांनाही चिकटतात. चांदीचा रंग न्यूरोफिलामेंटलाही चढतो, हे आधीपासून माहीत होतंच. दोन साक्षीदार एकच नाव घेत होते. गुंते न्यूरोफिलामेंटचे आहेत, असं बऱ्याच जणांनी धरून घेतलं.

साक्षीदार खोटं बोलत नव्हते. त्यांना विचारलं काय होतं, तेवढंच कुणी तपासलं नव्हतं.

दरम्यान दुसरीकडे एक प्रथिन गुपचूप मोठं होत होतं. १९७५ मध्ये प्रिन्स्टनला मार्क किर्शनर यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून एक घटक वेगळा केला गेला. पेशीत ज्या पोकळ सूक्ष्मनलिका असतात त्यांची जुळणी या घटकाविना नीट होईना. त्याला त्यांनी ग्रीक अक्षरावरून 'टाऊ' नाव दिलं. मांडव घालताना वेळूच्या काठ्या काथ्यानं आवळतात ना, तसा टाऊ त्या नलिकांना धरून असतो. मज्जापेशीची शेपटी लांबलचक असते, आणि तिच्यातून मालाची ने-आण याच नलिकांवरून चालते. व्हर्जिनिया विद्यापीठात लेस्टर बाइंडर, अँथनी फ्रँकफर्टर आणि लायोनेल रेबहन यांनी या टाऊला ओळखणारी अँटिबॉडी बनवली, नाव 'टाऊ-१'. १९८५ मध्ये त्यांनी तिच्याच साहाय्यानं मेंदूत टाऊ कुठे कुठे असतो ते दाखवलं. ते काम निरोगी मेंदूचं होतं. अल्झायमरशी त्याचा संबंध नव्हता.

त्याच वर्षी ब्रसेल्सला जाँ-पिएर ब्रिआँ यांनी वेगळ्या अँटिबॉडीनं गुंत्यांत टाऊ दिसतो असं छापलं. आता शर्यत लागली. बोस्टन, लिल, टोकियो, स्टेटन आयलंड, सगळे एकाच दारावर थापा मारत होते. स्टेटन आयलंडवर इंगे ग्रुंडके-इक्बाल आणि त्यांचे पती खालिद इक्बाल मृतांच्या मेंदूंतून गुंत्यांचे तंतू वेगळे काढण्याचं किचकट काम कित्येक वर्षं करत आले होते. इंगे मूळच्या जर्मनीच्या. बाइंडरची टाऊ-१ त्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती रुग्णाच्या मेंदूच्या कापांवर घातली.

काही गुंते रंगले. काहीच. शेजारी शेजारी पडलेले, एकाच मेंदूतले, सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसणारे गुंते. त्यांतला एखादा टाऊ असल्याचं सांगतो आणि बाकीचे गप्प. पट्टीवरचा प्रयोग तर आणखी कोरडा. यात प्रथिनं जेलीसारख्या थरातून विजेच्या ओढीनं पळवतात, लहान पुढे आणि मोठी मागे, मग ती कागदावर उतरवून त्यावर अँटिबॉडी सोडतात. याला 'वेस्टर्न ब्लॉट' म्हणतात. डीएनएची तशीच पद्धत एडविन सदर्न या माणसाच्या आडनावावरून 'सदर्न' झाली, म्हणून प्रथिनांची कुणीतरी थट्टेत 'वेस्टर्न' केली. शास्त्रज्ञांच्या विनोदाची झेप साधारण एवढीच. तर या वेस्टर्न पट्टीवर गुंत्यांची प्रथिनं टाऊ-१ ला धड दिसतच नव्हती.

इथे सरळ निष्कर्ष काढून मोकळं होता आलं असतं. थोडे गुंते रंगले, बाकीचे नाहीत, म्हणजे टाऊ हा मुख्य माल नव्हे. आजूबाजूचा थोडा चिकटला असेल. असा निष्कर्ष काढणारा मूर्ख ठरला नसता. उलट सावध म्हणून त्याचं कौतुकच झालं असतं. मला या शोधात थरार वाटतो तो नेमका इथे. 'दिसत नाही' याचा अर्थ 'नाही' असा न घेता त्यांनी विचारलं: असेल, पण झाकलेलं असेल तर?

झाकणार कशानं? पेशी स्वतःच्याच प्रथिनांवर बारीकसारीक खुणा डकवत असते. त्यातली नेहमीची खूण म्हणजे फॉस्फेट. प्रथिनाच्या माळेत सेरिन किंवा थ्रिओनिन असा मणी असला की एखादं विकर त्यावर फॉस्फेट बसवतं, दुसरं विकर ते काढतं. दिवसभर हे चालूच. टाऊच्या सगळ्यांत लांब रूपात ४४१ मणी आहेत, आणि फॉस्फेट बसू शकेल अशा जागा ८५. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो बसला की तिथला आकार बदलतो, आणि त्या जागेवर बोट ठेवायला शिकलेल्या अँटिबॉडीला जागा सापडत नाही.

मग इरलं काढून बघायचं. प्रयोग इतका साधा की लाज वाटावी. मेंदूचे काप घ्यायचे, त्यांवर 'अल्कलाइन फॉस्फटेज' नावाचं फॉस्फेट काढणारं विकर सोडायचं, मग धुऊन टाऊ-१ घालायची. हे नाव वाचकांपैकी अनेकांच्या घरात कागदावर आहे. काविळीच्या संशयानं लिव्हरची रक्ततपासणी केली असेल तर त्या रिपोर्टात बिलिरुबिनच्या खाली दोन-चार ओळींवर हेच विकर आकड्यासकट छापलेलं असतं.

विकरानं फॉस्फेट काढल्यावर त्याच मेंदूत रंगलेल्या गुंत्यांची संख्या एकदम वाढली. पट्टीवर जिथे काही उमटत नव्हतं तिथे प्रथिनं उमटली. टाऊ तिथेच होता, आधीपासून.

पण विकर घातल्यानं सगळंच चिकट होऊन वाटेल तिथे रंग धरत असेल तर? ही शंका त्यांनीच घेतली आणि तिचं उत्तर त्याच कापांत होतं. पेशीबाहेरच्या साक्यांच्या मधोमध असलेला अमायलॉइडचा गाभा विकराआधीही कोरा आणि विकरानंतरही कोरा. म्हणजे रंग उगाच चढत नव्हता. आणखी एक. निरोगी मेंदूतून काढलेल्या सूक्ष्मनलिकांवरचा टाऊ अँटिबॉडीनं विकराविना ओळखला. अल्झायमरच्या मेंदूतला, अगदी त्याच कृतीनं काढलेला टाऊ फॉस्फेट उतरवल्याशिवाय पुरता ओळखू येईना. दोन्ही इरली घालतात, पण एकाच्या अंगावर ती जरा जास्तच आहेत. इंगेंच्याच गटानं पुढे मोजून पाहिलं. निरोगी टाऊच्या एका रेणूवर साधारण दोन-तीन फॉस्फेटं, आजारी टाऊवर त्याच्या तिप्पट-चौपट. काथ्यावर एवढा ऋणभार चढला की तो वेळूला धरून राहत नाही. सुटतो, आणि सुटलेले धागे एकमेकांत पीळ घालत बसतात.

मग १९८२ चे ते साक्षीदार, न्यूरोफिलामेंटवाले? त्यांचा उलगडा १९८७ मध्ये झाला आणि तो मला मूळ शोधाइतकाच गमतीचा वाटतो. न्यूरोफिलामेंटवरही फॉस्फेटं असतात, भरपूर. त्या अँटिबॉडींपैकी काही प्रथिनाला ओळखतच नव्हत्या. त्या फॉस्फेट बसलेल्या जागेची ठेवण ओळखत होत्या. तशीच ठेवण फॉस्फेट लागलेल्या टाऊवर दिसली की त्या तिथेही चिकटायच्या. नुकिना, कोसिक आणि सेल्को यांनी हे स्पष्ट दाखवलं. एक अँटिबॉडी फक्त उघड्या माणसाला ओळखणारी, आणि दुसरी फक्त इरल्याला; मग खाली कुणीही असो. पहिलीला गुंत्यात कुणी दिसेना, दुसरीला भलताच दिसला. आत्याचं म्हणणं या लोकांना कळायला पाच वर्षं गेली.

१९८८ मध्ये केंब्रिजला मिशेल गोएडर्ट, क्लॉड विशिक आणि सहकाऱ्यांनी त्या पिळाच्या गाभ्यातून प्रथिनाचे तुकडे काढून त्यांचे मणी एकेक करून वाचले. टाऊच. आता अँटिबॉडीच्या साक्षीवरच अवलंबून राहायची गरज उरली नाही.

पण अँटिबॉडीचं काम संपलं नाही. उलट तिला आता मुद्दाम इरलं ओळखायला शिकवायचं होतं, आणि तेही नेमक्या माणसाच्या अंगावरचंच. १९९२ मध्ये बेल्जियममध्ये मार्क मर्केन यांनी बनवलेली 'एटी-८' ही त्यातली सगळ्यांत नावाजलेली. टाऊच्या २०२ आणि २०५ क्रमांकाच्या मण्यांवर फॉस्फेट असेल तरच ती चिकटते. मेंदूत आजार कुठून सुरू होऊन कुठे पसरतो याचे टप्पे आज जगभर तिच्याच रंगावरून ठरवतात.

अशी अँटिबॉडी बनवायची आता सर्रास वापरातली कृती अशी: हव्या त्या जागेभोवतीचे दहा-पंधरा मणी घेऊन तेवढाच तुकडा कृत्रिमरीत्या जोडायचा, त्यात नेमक्या मण्यावर फॉस्फेट बसवायचं, तुकडा एखाद्या मोठ्या प्रथिनाला बांधून सशाला टोचायचा. सशाच्या रक्तात दोन्ही तऱ्हेच्या अँटिबॉडी येतात, माणूस ओळखणाऱ्या आणि इरल्यासकट माणूस ओळखणाऱ्या. मग ते रक्तद्रव एका नळीतून सोडतात, जिच्यात बिनफॉस्फेटचा तोच तुकडा चिकटवलेला असतो. उघड्या माणसाला ओळखणाऱ्या तिथेच अडकतात. खाली टपकतात त्या कामाच्या.

आणि कुठला तुकडा निवडायचा? इथे गोष्ट भोरवरून तासा-दीड तासाच्या अंतरावर येते. प्रथिनाची माळ वाचून तिचा कुठला भाग अँटिबॉडीच्या नजरेत भरेल हे आधीच सांगता यावं म्हणून पुणे विद्यापीठात अशोक कोळस्कर आणि पी. सी. टोणगावकर यांनी एक रीत बसवली. डिसेंबर १९९० मध्ये 'फेब्स लेटर्स'मध्ये ती तीन पानांत छापून आली. अँटिबॉडी जिथे चिकटतात हे प्रयोगानं सिद्ध झालेले ३४ प्रथिनांवरचे १५६ तुकडे त्यांनी घेतले, प्रत्येक मणी त्यांत किती वेळा येतो ते मोजलं आणि प्रत्येकाला एक आकडा दिला. सिस्टीन, ल्यूसिन, व्हॅलिन हे तेलकट स्वभावाचे मणी एरवी प्रथिनाच्या पोटात दडतात. पण पृष्ठभागावर आले तर अँटिबॉडीचं लक्ष हमखास वेधतात, हे त्या मोजणीतून निघालं. भाकीत शंभरात सुमारे पंचाहत्तर वेळा बरोबर यायचं. कागद-पेन्सिलीनंही करता येईल इतकी सोपी रीत, म्हणून ती जगभर पसरली. आजही लशीसाठी किंवा तपासणीसाठी प्रथिनाचे तुकडे निवडणारे लोक तिचा उल्लेख 'कोळस्कर-टोणगावकर' असाच करतात. गणेशखिंडीतल्या या कामाबद्दल पुण्यात कुणाला विचारलं तर ऐकलेला माणूस सापडणं कठीण, हा भाग वेगळा. त्यांच्या तक्त्यात वीस मण्यांना वीस आकडे आहेत. फॉस्फेट लागलेल्या सेरिनला मात्र घर नाही. टाऊसारख्या प्रथिनात नेमकी गोम तिथेच असते.

आता एक अडचण सांगतो, जी या शोधाच्या विजयी वर्णनात सहसा येत नाही. १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनियात व्हर्जिनिया ली आणि जॉन ट्रोजानोव्स्की यांच्या प्रयोगशाळेनं जिवंत माणसाच्या मेंदूतला, शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेला निरोगी तुकडा तपासला. त्यातल्या टाऊवर त्याच अनेक जागी फॉस्फेट होतं, जिथे ते फक्त आजारातच असतं अशी सगळ्यांची समजूत होती. मग निरोगी मेंदूत आजवर ते दिसलं का नव्हतं? कारण आजवर तपासलेले निरोगी मेंदू मेलेल्या माणसांचे होते. हृदय थांबल्यावरही फॉस्फेट काढणारी विकरं काही काळ काम करतच राहतात. शवागारात नेईपर्यंत निरोगी टाऊच्या अंगावरचं पुष्कळसं इरलं उतरून गेलेलं असतं. गुंत्यातल्या टाऊचं उतरत नाही. म्हणजे प्रश्न इरलं घालण्याचा जितका, तितकाच ते न काढता येण्याचा. 'आजाराची खूण' म्हणून जे बघत होते त्याचा काही भाग मृत्यू आणि शीतपेटी यांच्यामधल्या तासांचा होता.

पुढचं थोडक्यात. पार्किन्सनमधल्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाची १२९ व्या मण्यावरची फॉस्फेटची खूण २००२ मध्ये जपानमधल्या गटानं अशाच अँटिबॉडीनं पकडली. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही टाऊवर काम झालं आहे. टाऊच्या २१७ व्या मण्यावरचं फॉस्फेट आता रक्तात मोजता येतं. त्यावर आधारलेल्या तपासणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली. मेंदू कापावा लागत नाही, हातातून रक्त काढलं की झालं. भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सात जणांहून अधिकांना स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३ चा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे, म्हणजे ८८ लाख माणसं. त्यांच्यातल्या फारच थोड्यांच्या आजाराला नाव मिळालंय.

आत्याच्या आजाराला मिळालं नव्हतं. गावात म्हणायचे, विसराळू झाली. मग म्हणायचे, चळ लागला. मला ती ओळखेनाशी झाली होती, पण येईल त्याला चहा विचारायची रीत विसरली नव्हती. लावणीला आता इरली राहिली नाहीत, सगळ्यांच्या पाठीवर प्लास्टिकचा कागद असतो. तिच्या पडवीत मात्र एक जुनं इरलं खुंटीला टांगलेलं होतं. पळसाची पानं केव्हाच झडली होती, कामट्या तेवढ्या राहिल्या होत्या. एकदा पावसाळ्यात मी सहज ते काढून डोक्यावर धरलं आणि अंगणातून पडवीत शिरलो. तिनं वर बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "दादा, पाय धुवून ये. भाकरी गार व्हायलीय."

दादा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी पाय धुवून आलो.